दातांना कळणारं सूप

"डोळे मिटा, काका," छोटी म्हणाली. "मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

काकांनी, म्हणजे इथल्या जुन्या आचाऱ्यांनी, डोळे मिटले. जेवणाची गर्दी ओसरून हॉटेलचं स्वयंपाकघर नुकतं कुठे निवांत झालं होतं. भांडी घासणाऱ्या बाईसुद्धा नळ बंद करून गंमत बघायला येऊन उभ्या राहिल्या. छोटीने एका वाटीतलं चमचाभर सूप काकांना दिलं, मग दुसऱ्या वाटीतलं.

काकांनी दोन्ही घास सावकाश चावले. "पहिलं नकली. दुसऱ्यात खरा शार्कचा पर आहे."

"कशावरून?"

"नकली पराचा धागा दाताखाली आला की लगेच मोडतो. खरा आधी जरा अडतो, मग तुटतो. बारीकसा आवाज होतो त्याचा."

"आणि चवीला?"

"चव कुठली आलीय? पराला चव नसतेच मुळी. चव असते कोंबडीच्या कढणाची, आणि कढण दोन्हींत माझंच आहे."

"झालं तर मग. हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," छोटी म्हणाली, आणि आपण स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला हे काकांच्या लक्षात आलं.

छोटी म्हणजे हॉटेलच्या मालकांची मुलगी. लहानपणी ती याच स्वयंपाकघरात पालथ्या पातेल्यावर बसून गृहपाठ करायची. आता मालकांचे गुडघे गेले होते आणि कारभार तिच्याकडे आला होता. बाकी सगळे तिला ताई म्हणत. काकांच्या तोंडी मात्र छोटी हेच नाव बसलं होतं. महिनाभर ती एकच गोष्ट लावून धरत होती. शार्कच्या परांचं सूप बंद करायचं.

काकांनी हरप्रकारे विरोध करून पाहिला. लोक लग्नाला, वाढदिवसाला मुद्दाम तेच मागवतात. पाहुण्यांपुढे मान राहतो. जुनी गिऱ्हाइकं तुटतील. छोटी सगळं ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात करायची. हट्टीपणात ती बापाच्या वरताण होती.

"बरं, मग नकली पर घालू," काका आता म्हणाले. "कढण तेच, नाव तेच."

"खोटं घालून खऱ्याचं नाव कशाला? तुम्ही नवीन सूप करा ना. अळंबीचं करा, भाज्यांचं करा, तुमच्या मनात येईल ते. मी ते मेन्यूत तुमच्या नावानं लावणार आहे. शुक्रवारी आपण सगळे मिळून चाखू."

भांडीवाल्या बाई कौतुकाने हसल्या. कुठल्याही आचाऱ्याची छाती फुगली असती. काकांनी मात्र वाट्या उचलल्या आणि विषय बदलला.

त्याचं कारण घरी फक्त काकूंना ठाऊक होतं. गेल्या वर्षीच्या तापात काकांची चव गेली होती आणि वासही. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण ही दोघं काही परत फिरली नाहीत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मग म्हणाले, काहींची येत नाही. काकूंनाही ते लगेच कळलं नव्हतं, कारण काका प्रत्येक जेवणाला "छान झालंय" म्हणून मोकळे व्हायचे. एका सकाळी त्यांनी नासलेलं दूध घटाघटा पिऊन वर मिशी पुसली, तेव्हा काकू समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, खरं काय ते सांगा."

हॉटेलात मात्र निभावून जात होतं. बाकीचे पदार्थ दुसरा आचारी करायचा. तो काकांच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे त्याने चमचा पुढे केला की काका घोट घेऊन गंभीरपणे मान हलवायचे. कधी उगाच "किंचित मीठ" म्हणायचे, म्हणजे संशय नको. पराचं सूप तेवढं ते स्वतः करत. कढणाची मापं हातात इतकी मुरली होती की जिभेचं काम नव्हतं. आणि पर शिजला का नाही हे दातच सांगत. जगातल्या सगळ्या पदार्थांतून त्यांच्यासाठी आता गरम आणि गार, मऊ आणि कडक एवढंच उरलं होतं. हे एक सूप असं होतं, ज्यातला पर खाताना ते कुठल्याही धडधाकट माणसाच्या बरोबरीचे असत. तळाशी राहिलेलं वाटीभर सूप ते कोपऱ्यात बसून चवीने खात. चवीने म्हणणं बरोबर नाही, पण दुसरा शब्द त्यांनाही सापडला नव्हता.

घरी काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगून टाका त्या पोरीला. खाणार नाही ती तुम्हाला."

"अगं, जिभेवाचून आचारी ठेवून घेईल का कुणी? उद्या दारावर बसवतील मला, या बसा म्हणायला."

"मग काय करणार?"

"बघू," काका म्हणाले. संसारात जेव्हा जेव्हा काही सुचलं नव्हतं, तेव्हा ते हेच म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं. वाळवलेले पर भिजवायला काढताना त्यांनी एक पर उजेडात धरला. आयुष्यभर असे पर भिजवले, खरवडले, उकळले, पण हा मासा आपण अख्खा कधी पाहिलाच नाही. कातडी कशी असते त्याची? छोटी हिशेब मिटवून आत आली तशी ते म्हणाले, "तू मागे काय दाखवत होतीस ते मोबाईलवर? दाखव बरं."

तिने दाखवलं. बोटीवर माणसं पर कापत होती. कापून झाल्यावर त्यांनी उरलेला शार्क पाण्यात ढकलला.

"हे काय? बाकीचा टाकून देतात?"

"सगळेच देतात असं नाही. पण मांसाला भाव नाही आणि बोटीत जागा अडते, म्हणून पुष्कळ जण देतात."

"पण जिवंत आहे तो."

"हो."

"मग पोहतो कसा?"

"पोहत नाही, काका. खाली जातो."

काकांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पराविना तो मासा हिसके देत, अंग वळवत अंधारात उतरत होता. त्यांना वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं, आणि तरीही प्रश्न थांबेनात. पिल्लं किती होतात? थोडीच, आणि वयात यायलाच वर्षानुवर्षं लागतात. झोपतो का? पाण्यात दिसतं का त्याला? छोटीला येईल तेवढं ती सांगत होती, बाकीचं मोबाईलमध्ये शोधत होती. एरवी तिचं बोलणं टोलवणारे काका आज शाळकरी मुलासारखे पिच्छा पुरवत होते आणि तिला मजा वाटत होती.

"वास येतो त्याला?"

"वासाला तर पक्का. पाण्यातला वास त्याला बरोबर लागतो."

"आणि चव?"

छोटीने वाचून पाहिलं. "चवही कळते. बघा, इथे लिहिलंय. कधी कधी एक चावा घेऊन बघतो, नाही पटलं तर सोडून देतो."

"चाखून बघतो म्हणजे."

"चाखूनच की."

काकांनी पर भिजत घातलेल्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "बंद कर ते सूप. हे भिजवलेलंही नको वाढूस कुणाला."

"काका, खरंच?"

"खरंच. जा आता, मला काम आहे."

छोटी इतकी खूश झाली की का, कसं, काहीच विचारायचं तिला सुचलं नाही.

शुक्रवारी काकांनी अळंबीचं सूप केलं. आयुष्यभराच्या अंदाजाने केलं. आलं इतकं, मिरी इतकी, आच अशी. छोटी, दुसरा आचारी आणि भांडीवाल्या बाई, तिघं वाट्या घेऊन उभे राहिले. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनी घोट घेतला आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. आचाऱ्याने वाटी खाली ठेवली.

"छान झालंय, काका," छोटी म्हणाली.

तो सूर काकांच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज दोन वेळा, घरच्या ताटावर, ते स्वतः त्याच सुरात तेच म्हणत होते.

"नाही झालेलं," ते म्हणाले. "काय चुकलंय ते मला कळत नाही, कारण मला चव लागत नाही. वर्ष झालं. वासही येत नाही. पराचं सूप तेवढं कळायचं मला, दाताला लागायचं म्हणून."

छोटी त्यांच्याकडे बघत राहिली. आपण महिनाभर कशाशी भांडत होतो आणि त्या दिवशी यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं ते काय केलं, हे तिला आत्ता कळत होतं. तिचे डोळे भरून आले.

"मग बंद कर का म्हणालात? तुम्ही मला आधी सांगायचं होतंत, मी..."

"तू काय केलं असतंस? माझ्यासाठी चालू ठेवलं असतंस?"

छोटीने हातातली वाटी ओट्यावर ठेवली.

"मला नाही कळत, ते नाही कळत," काका म्हणाले. "त्या माशाला तरी चव कळत होती ना? मग झालं."

त्यांनी पातेलं पुन्हा आचेवर चढवलं, स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवलं. "बस. एक घोट घे आणि सांग. छान, वाईट असं नको सांगू. कसं लागतंय ते सांग."

छोटीने डोळे पुसले आणि घोट घेतला. "जरा... कडवट."

"आधी की गिळल्यावर?"

"गिळल्यावर. घशाशी."

"म्हणजे आलं जळलं. आणि त्याच्या आधी काय लागतं?"

"आधी काहीच नाही. पाण्यासारखं."

"पाण्यासारखं म्हणजे मीठ नाही, का अंगच नाही त्याला, नुसतं पातळ?"

छोटी गोंधळली. जन्मभर ती खात आली होती, पण असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने दुसरा घोट घेतला, तो तोंडात धरून ठेवला, आणि शब्द शोधू लागली. काका चिमटीत मीठ धरून तिच्या तोंडाकडे बघत थांबले.