दाभणाच्या आतल्या बाजूला

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून माझी खात्रीच पटली की बोलून सुटणार नाही असा प्रश्न जगात नाही. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणायचे तेसुद्धा शेजारच्या बाकावर ऐकू जायचं नाही. आता बाबा मला भाषणबाई म्हणतात. "भाषणबाई, जरा लोणचं इकडे सरकवा." मी सरकवते, पण चार वाक्यं बोलूनच.

आमचं उरादानी गाव सात घरांचं, दरीच्या सावलीच्या अंगाला. समोर उन्हाच्या अंगाला ओहिनाता, एकवीस घरांचं. छपरं दोन्हीकडे सारखीच, गवताची, हात जोडल्यासारखी उभी. पाखराला इकडून तिकडे जायला दोन मिनिटं लागतात. माणसाला मात्र खाली फाट्यापर्यंत उतरून पुन्हा चढायचं, म्हणजे नऊ किलोमीटर.

मार्चमध्ये बसथांब्यावर कागद लागला. पुढच्या एप्रिलपासून बस फाट्याच्या वर एकाच गावाला जाणार. कुठल्या, ते एक प्रवास कंपनी ठरवणार होती. ती शहरातल्या लोकांना गवती घरांचं गाव दाखवायला रोज घेऊन येणार, आणि ज्या गावाला पसंती, त्या गावाला बस. दुसऱ्या गावाचं काय, ते कागदावर नव्हतं. त्यात बस कंपनीचं तरी काय चुकलं? उरादानीहून रोज बसमध्ये बसणारी मी एकटी. बुधवारी दवाखान्यासाठी सुएनो आजी. म्हणजे बुधवारी दोघी.

बस बंद झाली तर हिवाळ्यात मी शाळेत जाऊच शकत नाही. आमच्याकडे बर्फ खिडकीच्या वर चढतं, आणि ज्या रस्त्याने बस जात नाही तिथे बर्फ काढायचं यंत्र सगळ्यात शेवटी येतं. आईने तर तोयामा शहरातल्या मावशीशी बोलूनही ठेवलं होतं. मावशीचं जेवणाच्या डब्यांचं दुकान आहे, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, आम्हा सगळ्यांना राहायला पुरतील. आईने हे मला भांडी विसळताना सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. तिला वाईट वाटत असलं की ती भांडी दोनदा विसळते.

आमच्या घरांचं असं आहे की चूल पेटती राहिली तरच ती राहतात. धूर वर चढतो, गवत कोरडं ठेवतो, किडे पळवतो. चूल विझली की ओल शिरते आणि सहा-सात हिवाळ्यांत घर गुडघे टेकतं. आमच्या गावात पूर्वी नऊ घरं होती. दोन घरांनी गुडघे टेकलेले मी स्वतः पाहिलेत.

म्हणून मी ठरवलं, कंपनीच्या माणसांना गाव दाखवायचं ते मीच. गावाच्या सभेत उभी राहून तसं सांगितलं. तोगाशी आजोबा आमचे गावप्रमुख. ते म्हणाले, "बरं झालं. आम्हाला कुठे आपल्या तोंडाने आपलं कौतुक करता येतं." हे खरंच आहे. आमच्याकडे पाहुणा आला की आधी म्हणायचं, इथे काही नाही बघण्यासारखं, उगीच त्रास घेतलात. न म्हणणाऱ्याला माणूस समजत नाहीत.

पाहुणे मे महिन्यातल्या एका मंगळवारी येणार होते. त्या मंगळवारी दरड कोसळली आणि रस्ता दिवसभर बंद राहिला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर तोगाशी आजोबांकडे गेले.

"शनिवारी येणारेत," ते म्हणाले. "फोन आला होता."

"शनिवारी? शनिवारी तर इबुका काकांकडे शाकारणी आहे."

"आहे ना."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"त्या बाईंनी विचारलं, शनिवारी चालेल का. मी म्हटलं, काही अडचण नाही."

"पण अडचण आहे, आजोबा."

"ती आपल्याला. पाहुण्याला कशी सांगायची?"

"परत फोन करा ना. मी करते."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिखलाचे बूट घालून चटईवर उभी आहे. "एकदा या म्हटल्यावर येऊ नका म्हणायचं? चिनात्सु, तुझं बक्षीस डोक्यात गेलं वाटतं."

इबुका काका ओहिनाताचे. शाकारणीला आम्ही यूई म्हणतो. छप्पर तीसेक वर्षांनी उतरवायचं, आणि उतरवलेली बाजू त्याच दिवशी पुन्हा चढवायची, कारण पावसाचा भरवसा नाही. एका गावाने ते होत नाही. म्हणून दोन्ही गावांनी एकमेकांकडे जायचं. नाही म्हणायची सोयच नाही, तसा कुणी कधी विचारही केलेला नाही. गवत गेल्या शरदात कापलेलं, दिवस वर्षभर आधी ठरलेला.

मी घरी येऊन आईला म्हटलं, "आपली निम्मी माणसं गेली तर नाही चालणार?"

आई भाताचे गोळे वळत होती. "चार वर्षांपूर्वी आपली उत्तरेची बाजू चढवली तेव्हा तिकडून किती आले होते?"

"चाळीस."

"निम्मे आले असते तर?"

ही बाई स्पर्धेत उतरली असती तर माझा तिसरा आला असता.

"पण आई, ते गाव बघायला येणारेत. गावात माणूसच नसेल तर बघणार काय?"

"तू असशील," बाबा म्हणाले. "आणि सुएनो आजी. भाषणबाई एकटी दहा माणसांचा आवाज करते."

शनिवारी पहाटे आमची अकरा माणसं टेम्पोत बसून गेली. तोगाशी आजोबा एकाहत्तर वर्षांचे, तेही डोक्याला रुमाल बांधून. मी रस्ता झाडला, सातही घरांच्या चुली पेटवल्या, म्हणजे निदान धूर तरी दिसेल.

दहाला पाहुणे आले. हान्यूदा मॅडम, आखूड केसांच्या, चालताना हात मागे बांधणाऱ्या, आणि त्यांचे फोटोग्राफर किजिमा. मी वाकून स्वागत केलं आणि सुरू झाले. खिळा न वापरता उभारलेलं घर दाखवलं. वासे बांधायला फांद्या ओल्या असताना पिळून वापरतात आणि वाळल्या की त्या दोरखंडापेक्षा घट्ट बसतात, ते सांगितलं. माळ्यावरच्या रेशमाच्या किड्यांच्या ताटल्या दाखवल्या. मॅडम मान डोलावत होत्या. मला वाटलं, जमतंय.

सुएनो आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "इथे काही नाही हो बघण्यासारखं. सगळी म्हातारी झाली. उगीच एवढ्या लांब आलात."

"तसं म्हणायची पद्धत आहे," मी घाईने म्हटलं.

"पद्धत कसली? खरंच काही नाही," आजी म्हणाल्या. "समोरचं गाव मोठं आहे. ऊन पण येतं."

किजिमा अंगणात फोटो काढत होते. बंद दार. दुसरं बंद दार. दोरीवर वाळत घातलेला एक मुळा.

"फार शांत आहे," मॅडम म्हणाल्या. "बाकी मंडळी कुठे आहेत?"

"कामाला गेलीत." हे खोटं नव्हतं.

"सगळीच?"

तेवढ्यात दरीपलीकडून आवाज आला. आधी एकाचा, लांबट, आणि मग शंभर जणांचा, एकदम. पेंढ्या वर चढवायला लागले की तसं ओरडतात. किजिमा कॅमेरा घेऊन कड्याकडे धावले. समोर उन्हात इबुका काकांचं छप्पर, अर्धं उघडं, वाशांचा सांगाडा दिसतोय, आणि त्यावर माणसंच माणसं, खालून वरपर्यंत रांगा, हातोहात सोनेरी पेंढ्या चढतायत.

"अरे बापरे," मॅडम हळूच म्हणाल्या. "ते काय आहे?"

त्या क्षणी मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'काहीतरी दुरुस्ती असेल' म्हणता आलं असतं. ते मी अजूनही कधी कधी झोपताना म्हणून बघते. पण मॅडमनी विचारलं होतं, ऐकायला दोन माणसं समोर उभी होती, आणि विषय असा होता की माझी जीभ माझ्या हातात राहिली नाही. मी यूई सांगितली. तीस वर्षांपूर्वी त्याच छपरावर पेंढ्या चढवणाऱ्यांतले कोण आज खाली बसून हुकूम सोडतायत ते सांगितलं. माणूस छपराला चढवतो आणि छप्पर गावाला धरून ठेवतं, असलं वाक्यही आलं. स्पर्धेत हे बोलले असते तर पहिला नंबर होता.

मॅडमचे डोळे भरून आले होते. "आम्हाला तिथे जाता येईल?"

मी त्यांच्याच गाडीत बसून त्यांना रस्ता दाखवला. नऊ किलोमीटर, एकही वळण न चुकवता.

तिथे पोचतोय तोच छपरावरून बाबांनी मला पाहिलं. "चिनात्सु, बरी आलीस. माळ्यावर नोझाकी काकूंची कंबर धरली. त्यांच्या जागी जा, दाभण घे."

दाभण म्हणजे माझ्या उंचीचं, बांबूचं. बाहेरचा माणूस ते दोरीसकट गवतातून आत खुपसतो. आतल्याने दोरी काढून वाशाला वळसा द्यायचा, पुन्हा ओवायची, आणि वाशाच्या दुसऱ्या बाजूने दाभण बाहेर ढकलायचं. मग बाहेरचा ओढून गाठ मारतो. एकमेकांना कुणीच दिसत नाही. नुसतं ओरडायचं. आतलं माणूस लहानखुरं लागतं. पाहुण्यांसाठी घातलेल्या शाळेच्या गणवेशातच मी माळ्यावरच्या काजळीत चढले.

"कुठे आलं?" बाहेरून बाबा.

"वाशाच्या डाव्या बाजूला, वीतभर."

"आता?"

"आलं. थांबा. घ्या."

सुरुवातीला माळ्यावर भरपूर उजेड होता. गवताचा थर खालून वर चढत जातो, तसा उजेडही वर सरकतो. दुपारपर्यंत माझ्या डोक्यावर आढ्याखाली उजेडाची एक पट्टीच उरली. गवत इतकं जाड की पलीकडचे बाबा विहिरीतून बोलल्यासारखे. पण खालच्या फळ्यांमध्ये फटी होत्या, आणि खालच्या खोलीत हान्यूदा मॅडम फोनवर बोलत होत्या. त्या इतक्या स्वच्छ ऐकू येत होत्या की मला वाटलं माझ्याशीच बोलतायत.

"हो, हेच," त्या म्हणाल्या. "ओहिनाता. शंकाच नाही. इथे गाव जिवंत आहे... दुसरं? सुंदर आहे हो, पण तिथे माणूस नाही. एक आजी आणि एक गोड मुलगी. ते गाव संपलंय."

मी फळीला तोंड लावलं. सांगायचं होतं की मॅडम, वर बघा. आढ्यावरचे ते माझे बाबा. रांगेत तिसरी माझी आई. पेंढ्या मोजून देणारे तोगाशी आजोबा. तुम्हाला जे जिवंत दिसतंय त्यातली अकरा माणसं त्या संपलेल्या गावाची आहेत. वाक्यं तयार होती, क्रमसुद्धा लागला होता. खाली उतरायला शिडी चार हातांवर.

आणि दाभण आत आलं. माझ्या कानाला घासून.

"चिनात्सु, कुठे आलं?"

बाहेर बाबा सरळसोट उतारावर एका बांबूवर उभे. दोरी सैल राहिली तर तो बांबू सुटतो. मी दोरी काढली, वाशाला वळसा दिला.

"कुठे आलं विचारतोय. झोपलीस का?"

"बरोबर आलंय," मी म्हटलं. "घ्या."

खाली मॅडम अजून बोलत होत्या. दाभण पुन्हा आलं. मग पुन्हा. एकात आणि दुसऱ्यात शिडी उतरण्याएवढी फट पडलीच नाही. मग मॅडमचा आवाज अंगणात गेला, आणि उजेडाची पट्टीही बंद झाली. पुढचे टाके मी हाताने चाचपून घातले.

संध्याकाळी सगळे अंगणात जेवायला बसलो. रानभाज्यांची भजी, भाताचे गोळे, दगडासारखा घट्ट टोफू. इबुका काका आमच्या अकरा जणांपुढे जमिनीला कपाळ टेकवून म्हणाले, "उरादानीची मंडळी नसती तर आज हे झालं नसतं." तोगाशी आजोबा म्हणाले, "छे, छे, आमची काय मदत. उलट लुडबुडच झाली."

मॅडम ऐकत होत्या. हसल्यासुद्धा. त्यांना काय समजलं कोण जाणे.

मी आईच्या शेजारी बसून तिला हळूच सगळं सांगितलं. तिने माझ्या गालावरची काजळी पुसली, मग पुन्हा पुसली, जिथे नव्हती तिथेही. "तुझ्या बाबांना घरी गेल्यावर सांगू," म्हणाली. "जेवू दे त्यांना."

"आई, मी आत्ता उठून सांगू मॅडमना? गाव कसं रिकामं होतं ते?"

"काय सांगशील? इबुकांच्या छपरामुळे आमचं नुकसान झालं? त्यांच्याच अंगणात, त्यांचं जेवण जेवून?"

एकशेवीस माणसं जेवत होती. यात कुणीही माझा शत्रू नव्हता. शत्रू असता तर बरं झालं असतं, त्याच्याविरुद्ध बोलता आलं असतं.

निघताना हान्यूदा मॅडम मुद्दाम माझ्याकडे आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आज तू सांगितलं नसतंस तर आम्हाला काही कळलंच नसतं. सहली सुरू झाल्या की शनिवार-रविवार इथे ओहिनातात येऊन पाहुण्यांना असंच सांगशील? तुझ्याइतकं छान कुणी सांगणार नाही. जमेल ना? काही अडचण?"

बाबा टेम्पोपाशी उभे राहून कौतुकाने बघत होते. त्यांना अजून माहीत नव्हतं. तोगाशी आजोबा माझ्या मागेच होते, चहाचा पेला हातात घेऊन.

मी वाकले. "नाही," मी म्हटलं. "काही अडचण नाही."

आजोबांनी पेला तसाच धरून ठेवला. मग माझ्या केसांत अडकलेली गवताची एक काडी काढली आणि खिशात ठेवली.