उस्ताद खुर्चीत बसतात

सलूनवाले उस्ताद चर्चमध्येसुद्धा टोपी काढत नाहीत, हे आता सगळ्या मंडळीच्या अंगवळणी पडलं होतं. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "डोक्याला वारा बाधतो." पाळकसाहेबांनी पहिल्या वर्षी दोनदा खाकरून पाहिलं, मग तोही नाद सोडला.

खरं कारण टोपीखाली होतं. न्हावी जगाचे केस कापतो, पण स्वतःच्या मानेवरचे काही कापू शकत नाही. पूर्वी उस्तादांचे केस त्यांचा धाकटा भाऊ कापायचा आणि धाकट्याचे उस्ताद. दोघं एकाच दुकानात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर काम करायचे. चार वर्षांपूर्वी धाकट्याने रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटलं आणि तेव्हापासून उस्तादांच्या डोक्यावर बायकोची शिवणकामाची कात्री चालायला लागली. बाईंचा शिवणाचा हात पक्का, पण डोकं म्हणजे काही उशीचा अभ्रा नव्हे. मागून पाहिलं तर जिना चढत गेल्यासारखे केस! दुसऱ्या कुणा न्हाव्यापुढे डोकं द्यायला उस्तादांचं मन घेत नव्हतं. इतरांच्या कापलेल्या केसांना ते आयुष्यभर नावं ठेवत आले होते ना.

तसे उस्ताद चर्चच्या वडीलजनांपैकी एक. दर रविवारी त्यांची प्रार्थना ठरलेली असे. "प्रभू, मला धुळीसारखं नम्र कर!" असं ते अशा काही आवाजात म्हणत की खिडकीच्या काचा थरथरत. बाहेर आल्यावर बायकोला हळूच विचारत, "आज कशी झाली?"

"नम्रता रस्त्यापर्यंत ऐकू गेली," असं बाई म्हणत.

आता मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि मुलीने पेच टाकला. जेवताना ती शांतपणे म्हणाली, "बाबा, काका नसेल तर तुमचा हात धरून मी वेदीपर्यंत जाणार नाही. एकटी चालेन."

"त्याला कुणी अडवलंय? पत्रिका पाठवली की!"

"काका म्हणाला, दादा स्वतः येऊन बोलला तर येईन. नाहीतर चर्चबाहेर उभा राहून फुलं टाकेन आणि जाईन."

उस्तादांचा घास तोंडातच फिरला. ही पोर जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा उचलून घेतलं ते धाकट्यानेच. उस्तादांचे हात तेव्हा साबणाचे होते. शिवाय मुलगी बोलल्याप्रमाणे वागते, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं, कारण तो गुण तिने त्यांच्याकडूनच उचलला होता.

धाकटा का गेला, हे गावाला सांगताना उस्ताद म्हणत, "पंख फुटले." खरी गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त दोघांनाच ठाऊक आहे, असा उस्तादांचा समज होता. त्या शनिवारी दुकान भरलेलं होतं. उस्ताद पोस्टमास्तरांची दाढी करत होते आणि करता करता बाकावरच्या गिऱ्हाइकांना आदल्या रविवारचं प्रवचन समजावून सांगत होते. बोलण्याच्या भरात मान वळली, हात सरकला आणि पोस्टमास्तरांच्या कानाची पाळी कापली गेली. धाकटा टॉवेल घेऊन शेजारीच उभा होता. उस्तादांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत वस्तरा त्याच्या हातात कोंबला आणि ओरडले, "अरे, बघून तरी चालव!"

धाकट्याने एकदा भावाकडे पाहिलं, पोस्टमास्तरांची माफी मागितली, रक्त पुसलं. चौथ्या दिवशी तो निघून गेला.

प्रार्थनेला उभं राहिलं की तो कान उस्तादांना आठवायचा. मग ते आवाज आणखी चढवायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी नीट बसवली आणि रस्ता ओलांडला. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: दारात उभं राहायचं, दोन वाक्यांत रुबाबात निमंत्रण द्यायचं आणि वळायचं. कानाचा विषय काढायचं कारणच नव्हतं. लग्नाच्या शुभकार्यात जुनं कशाला उकरा?

धाकट्याच्या दुकानात चौघं जण बाकावर बसले होते. त्यात पोस्टमास्तरही होते. हा माणूस आपल्याकडचा फोडलेला, असं म्हणून उस्तादांनी त्यांच्याशी चार वर्षं धड बोलणं ठेवलं नव्हतं. धाकटा एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात गुंतला होता. वर न पाहता, सगळ्यांना म्हणतो तसंच तो म्हणाला, "या, बसा. नंबर लागेल."

उस्तादांना नंबर! त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पाय दाराकडे वळलेसुद्धा. पण डोळ्यांपुढे एकटी चालणारी मुलगी आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा उस्ताद सलूनच्या बाकावर टेकले. बाक फारच टणक होता. गिऱ्हाइकं इतकी वर्षं असल्याच बाकावर बसून आपलं प्रवचन कशी ऐकत होती, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला.

तासाभराने नंबर लागला, पण काम झालेली मंडळीही पुढची मजा बघायला बाकावरच रेंगाळली होती. ते खुर्चीत बसले. धाकट्याने गळ्याभोवती कापड बांधलं आणि टोपी उचलली. बाकावर कुणीतरी "अगं बाई गं!" म्हणालं. तो आवाज पुरुषाचा होता.

"वहिनी का?" धाकट्याने विचारलं.

"हं."

"मान खाली, दादा."

उस्तादांनी मान खाली घातली. हे दोन शब्द त्यांनी स्वतः हजारो लोकांना सांगितले होते, पण तसं बसलं की काय वाटतं ते विसरून गेले होते. मान उघडी पडते, आरसा दिसत नाही, आपला चेहरा दिसत नाही आणि मागच्या हातावर विसंबावं लागतं. धाकट्याची बोटं मानेला लागली. रुबाबाची दोन वाक्यं कुठल्या कुठे गेली. मनातल्या मनात ते एवढंच म्हणाले, 'प्रभू, सांभाळ.' ही प्रार्थना कुणालाच ऐकू गेली नाही.

मग मान तशीच ठेवून ते सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले, "पोस्टमास्तर, तुमचा कान मी कापला होता. याने नाही. मी खोटं बोललो आणि याच्या माथी मारलं. तुमची माफी मागतो. आणि तुझी, बाळा, त्याहून जास्त."

कात्री थांबली.

"अहो उस्ताद," पोस्टमास्तर म्हणाले, "तुमच्या दुकानात समोर एक आरसा, मागे एक आरसा. मला तर चार उस्ताद चार धाकट्यांच्या हातात चार वस्तरे कोंबताना दिसले!"

"मलाही," बाकावरून दुसरा म्हणाला. "मी तेव्हा तिथेच होतो."

उस्तादांनी मान वर केली. "मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"म्हटलं, चर्चमधला वडील माणूस आहे, स्वतःहून सांगेल. वाट बघत होतो. जरा वेळ लागला म्हणायचा."

सगळ्यात आधी हसू फुटलं ते उस्तादांनाच. चार वर्षं जीव मुठीत धरून जे लपवलं, ते अख्ख्या बाकाला तोंडपाठ होतं! ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. धाकट्याने टॉवेलच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले आणि मग त्याच टोकाने गुपचूप स्वतःचेही.

"शनिवारी ये रे," उस्ताद म्हणाले. "तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तू."

"येतो, दादा. मान खाली घे आता. काम खूप आहे."

अर्ध्या तासाने धाकट्याने छोटा आरसा मागे धरून दाखवला. उस्तादांची नजर न्हाव्याची. एका क्षणात टिपलं. मागचं उत्तम होतं, पण डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला होता. शेरा जिभेच्या टोकापर्यंत आला. उस्तादांनी तो गिळला.

"छान झालंय," ते म्हणाले.

"नक्की?"

"अगदी नक्की."

"डावा कल्ला?"

"तू ठेवलास ना, मग तोही छान. मी असाच जाईन लग्नाला."

धाकट्याने आरसा खाली ठेवला. त्याचा चेहरा आता लहानपणी दिसायचा तसा दिसत होता. "मुद्दाम ठेवला होता रे दादा. उजवा अजून कापायचाच आहे. तू किती वेळ गप्प बसतोस ते बघत होतो."

बाकावर हास्याचा स्फोट झाला. उस्तादांनी कापड पुन्हा गळ्याशी सारखं केलं आणि कुणी सांगायच्या आधीच मान खाली घातली.