शंभरातले दोन किलो

शेखर पहिल्यापासून गोड बोलते, म्हणूनच त्याच्यावर माहा भरोसा नव्हता. अकोल्यात जठारपेठेत आमचं दोन खोल्यायचं, वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं हापिस. अकोटच्या जिनिंगचा कापूसकाटा माह्याकडे, अंजनगाव सुर्जीचा केळीचा काटा शेखरकडे. आन त्या केळीच्या काट्यावर मापारी कोण? माहे अब्बा, अब्दुल सत्तार.

दिवाळीपासून तिथं बोंब होती. केळी शंभरात दोन किलो कमी भरून राहिली होती. दुष्काळात जगवलेली केळी, कोण सोडते दोन किलो? लोक अब्बाले तोंडावर चोर म्हणू लागले. तीस वर्षं माप केलेला माणूस! माहं डोस्कंच फिरलं.

"काहून रे शेखर, व्यापाऱ्यानं काय खाऊ घातलं तुले?"

"बाप्पा बाप्पा! लुबना, वजनाच्या कोडले मी हातबी नाई लावला. तूच म्हणलं ना, नक्कल करू नोको, बिल्ड टूलले सांग, थे तुह्याच फोल्डरातून उचलते."

म्हणलं होतं खरं, तेबी तोऱ्यात. प्रोजेक्ट दोन, पण वजनाचा कोड एकच. एका पाट्यावरचा मसाला दोन घरी जावा तसा. मी काही बदललं, की पुढच्या बिल्डमंधी, म्हंजे प्रोग्राम नव्यानं बांधताना, टूल थे दोन्हीकडे नेते.

तरी मले पटेना. त्याच्याच खुर्चीवर बसून मी त्याची एकएक फाईल उघडली. काही नाई. मंग माही उघडली. दिवाळीआधी ओल्या कापसासाठी मी शंभरामागं दोन किलो ओलीची कपात टाकली होती. वजनाच्या कोडातच. टूलनं थे इमानदारीनं केळीलेबी लावली.

शेखरनं माह्यासाठी च्या मागवला. दोन शिव्या देल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी फोन लावला. "अब्बा, गलती मेरी है. मैं सबके सामने बोलती."

"मत बोल बेटा. पुराने लोहे के बाट रखके मैंने पहलेच देख लिया था, मशीन कम दिखाती. मशीन तेरे हापिस की, तेरी नौकरी जाती. परसों मैंनेच बोल दिया, गड़बड़ मेरे हाथ से हुई."

सकाळच्या एसटीनं मी अंजनगाव गाठलं. काट्यावर दुसराच मापारी होता. मी लॅपटॉप उघडून रडत रडत सगळं दाखवलं. केळीवाले किसनराव वाकून पाहून राहिले होते.

"राहू दे बाई," थे म्हणे. "बाप कबूल झाला. आता तू त्याले वाचवून राहिली."