खारं पाणी उतरल्यावर

इंजिनातून काढलेल्या स्पार्क प्लगच्या टोकाशी एक थेंब लटकला होता – पडेल पडेल वाटणारा आणि पडत नसलेला. निशानं तो बोटावर घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि जिभेला लावला. खारट. म्हणजे नुसतं पावसाचं नव्हे. भरतीची खाडी नाल्यातून उलटी चढून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरली होती, तिच्या डर्ट बाइकच्या सीटपर्यंत. पावसाचं असतं तर जरा सवड होती. खारं पाणी बुडवून मारत नाही. उतरल्यावर, वारा लागला की मग सावकाश लोखंड खायला बसतं... आणि पाणी कालच उतरलं होतं.

संध्याकाळी जितेश टेम्पो घेऊन येणार होता. संघर्षचा, तिच्या नवऱ्याचा, मावसभाऊ. भंगारात घालण्यापेक्षा मीच नेतो म्हणाला होता. पाणी भरलं त्या रात्री, लाइट गेलेली, कडेवर सहा महिन्यांची सुजा रडतेय, आणि संघर्षनं विचारलं, "देऊन टाकूया ना गाडी?" तर ती हो म्हणाली. दूध संपलंय का विचारल्यावर हो म्हणावं, तसंच. आज सकाळी मात्र मनाशी ठरवलं – टेम्पो यायच्या आत सुरू झाली तर ठेवायची. नाही झाली तर कुठल्या तोंडानं ठेव म्हणणार मी?

तिनं टाकीवर, इंजिनावर, चाकांच्या आऱ्यांवर बादली ओतली.

"आधीच बुडल्याली गाडी, अन् वरून पाणी ओतायलीस?" मुक्ताबाई, तिच्या सासूबाई, सुजाला मांडीवर निजवून जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. "तेबी नळाचं!"

"मीठ गोड्या पाण्यानंच निघतं, आई."

"मोबाइल भिजला तवा तांदळाच्या डब्यात घातलास. हिला का न्हाई घालत?"

"डबा लहान पडेल."

"मग पोतं आणू का?"

निशा हसली, आणि पोटाशी सिझेरियनच्या टाक्यांची जागा ओढल्यासारखी झाली. दवाखान्यातून आल्यापासून अंग म्हणजे चारचौघांनी जपायची काचेची बरणी – वाकू नकोस, उचलू नकोस, जिने चढू नकोस – आणि कधीपर्यंत, हे तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. डोंगरीच्या उतारावर, लग्नाआधीच्या रविवारी, मातीत मागचं चाक घसरू लागलं की ब्रेक दाबायचा नसतो, उलट थोडी रेस द्यायची असते, हे याच अंगाला न सांगता कळायचं. कळणारं ते कुठे गेलं? की तेही असंच, आतल्या आत, बसून...

इंजिनाच्या तळाचा बोल्ट सैल केला. तेल काळं नव्हतं. पाणी मिसळून जास्त दूध पडलेल्या चहासारखं झालं होतं. ते सगळं गळू दिलं, नवं घातलं. प्लग लावलेला असताना कुणी हौसेनं किक मारली असती तर आत कोंडलेल्या पाण्यानं पिस्टनचा दांडाच वाकवला असता – पण कुणी हात लावला नव्हता. एवढं एक नशीब. तिनं गाडी गिअरमध्ये टाकली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. नाही. पुन्हा. दात आवळून, पाय भिंतीला लावून – हल गं बाई. काहीतरी आत कुरकुरलं, चाक चार बोटं सरकलं आणि प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी थेट भिंतीवर.

"अगं माय! ओकली की!" मुक्ताबाई ओरडल्या, आणि सुजा जागी झाली.

ते रडणं कानांआधी छातीला ऐकू आलं. कुर्ता भिजला. हात कोपरापर्यंत तेलाचे. निशा पालथ्या बादलीवर बसली, हात दोन्हीकडे लांब धरून. मुक्ताबाईंनी ओढणी सारखी केली, पोरीला तिच्या छातीशी लावलं आणि वाकून धरून राहिल्या. बसण्याआधी तिनं तळाचा बोल्ट पुन्हा सैल केला होता; खाली ट्रेमध्ये दुसरं तेल थेंब थेंब गळत होतं. तेही दुधाळच.

फोन वाजला. मुक्ताबाईंनी मोकळ्या हातानं तो तिच्या कानाशी धरला.

"जितेश निघतोय गं. सुरू झाली का?" संघर्ष.

"नाही."

"होईल?"

"माहीत नाही."

"मग नेऊ दे ना त्याला. तूच हो म्हणालेलीस."

"म्हणाले होते." तिनं एक श्वास घेतला, सुजाचा हात वर आला आणि तिच्या गळ्याशी चिकटला. "आता नको म्हणतेय. नाही द्यायची."

"अगं, पण चालतच नसेल तर ठेवून करायचं काय?"

"पोरगी पियायली," मुक्ताबाई फोनमध्ये म्हणाल्या, "मागून बोल," आणि फोन बंद केला.

उत्तर द्यायचं राहिलंच. निशानं ते शोधून पाहिलं – विकायला पुढे बरी किंमत येईल, सुजा मोठी झाली की शिकवीन – एकही खरं वाटेना, आणि गाडी ठेवायला कारण लागतंय असंही वाटेना. तेल तिसऱ्यांदा घालावं लागणार होतं. कदाचित उद्या, परवाही. कार्ब्युरेटर अजून उघडायचा होता. सुरू होईल, नाही तर नाही होणार. टेम्पोच्या आवाजाकडे लागलेला कान कधी सैल पडला, तिला कळलं नाही. ती तशीच बसून राहिली, तेलकट हात पसरून, घाई नसलेली.