जुना सेन्सर

"बाबा, दिसून न्हाई राहिला कुठंच!"

फोनवर गाडीचं इंजिन दिसत होतं आणि रत्नपालचा हात. तोंड नाहीच. जळबानं हातावरच समाधान मानलं. अंगठ्यावर लहानपणी पाना निसटल्याची खूण अजून होती. पोरगा पुण्यात, बाप कुरुंद्यात एकटा. बायको लक्ष्मीबाई गेल्यापासून पोराचा फोन यायचा तो गाडी कुरकुरली की. गाडी आजारी पडली की बापाची तब्येत सुधारायची, असा सगळा उलटा कारभार.

या वेळी गाडी सारखी गरम होत होती. रत्नपालनं पाण्याचं तापमान मोजणारा नवा सेन्सर आणला होता, पण जुना कुठं बसवलाय तेच सापडेना. वसमतच्या गॅरेजात हयात घालवलेल्या जळबाला तो पहिल्या नजरेत दिसला, वरचा जाड पाइप इंजिनला मिळतो तिथं. पण लगेच सांगून टाकलं की फोन संपणार.

"आधी रेडिएटरपाशी पाहा," जळबा म्हणाला.

"इथं न्हाई."

"मंग खाली पाहा. हळू. जेवला का?"

"व्हय. खाली बी न्हाई."

"साक्षी शाळेत जाती ना बराबर?" जळबानं नातीचंही विचारून घेतलं.

"जाती हो. बाबा, सेन्सर!"

पोराचा वैतागलेला आवाज ऐकून जळबाला वाईट वाटलं.

"वरल्या पाइपाच्या बुडाशी पाहा."

"सापडला!"

"जुना फेकू नको. येशील तवा घेऊन ये, तपासतो."

"कुरिअर करतो ना बाबा. ठेवतो, जय भीम."

कुरिअर खरंच आलं. जळबानं पातेल्यात पाणी तापवलं, सेन्सर त्यात धरला आणि मीटर लावला. काटा नीट हलला. सेन्सर चांगलाच होता! म्हणजे खोट दुसरीकडंच, गाडी पुन्हा तापणार. त्याला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. त्यानं लगेच फोन लावला.

"रत्नपाल, सेन्सर बराबर हाय. खोट दुसरीच हाय. तू गाडी घेऊन इकडंच ये, मी पाहतो."

"बाबा, ती गाडी इकली की. कालच नवी घेतली, बॅटरीवरची. आता तुमाला काई तकलीफ न्हाई. इंजिनच न्हाई तिला."

"बरं केलं," जळबा म्हणाला.

त्यानं गॅस बंद केला. सेन्सर टॉवेलला पुसला. तो अजून गरम होता. निवेपर्यंत जळबानं तो मुठीत धरून ठेवला.