कस्तुरीचं प्रस्थान

आमच्या स्नेह मंडळात छातीवर बिल्ला लावणारा मी एकटाच. बिल्ल्यावर लिहिलं होतं, ‘वामनराव, प्रवास-प्रमुख’. मंडळात आम्ही सातआठ जण, सगळे फुकट राबणारे. परदेशातून वर्षभरासाठी शिकायले येणाऱ्या पोरापोरींले नागपुरात घरं शोधून द्यायची, फिरवायचं, अन् शेवटी गाडीत बसवायचं, एवढं आमचं काम. त्यातलं गाडीत बसवणं माझ्याकडं. पण त्यालेच प्रवास-प्रमुख म्हटलं की माणसाची मान ताठ होते, तशी माझी झाली होती.

त्र्याहत्तर साली डेन्मार्कहून किर्स्टन आली अन् इंदोरा वस्तीत सिंधूताईंच्या घरी राहिली. सिंधूताई सरकारी दवाखान्यात नर्स. घरचे सगळे छप्पन साली दीक्षा घेतलेले, त्यामुळं मुहूर्त, पंचांग असल्या गोष्टींची त्यांच्या घरी डाळ शिजत नसे. किर्स्टन हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिले कस्तुरी करून टाकलं. पोरगी वर्षभरात आमच्यासारखं बोलायले लागली. झणझणीत भाजी खाऊन नाक पुसत ‘अजून वाढा ना वं काकू’ म्हणायची. मले ‘वामनकाका’ म्हणे, अन् मी आपला विरघळून जाई.

उन्हाळा लागला अन् तिच्या घरून तार आली. बापाले हार्ट अटॅक आला होता, ताबडतोब निघ म्हणून कळवलं होतं. पोरगी पांढरीफटक पडली. मी स्टेशनवर जाऊन असं ठाण मांडलं की रिझर्व्हेशनच्या साहेबानं कंटाळून दुसऱ्या दिवशीच्या मुंबईच्या गाडीत एक बर्थ काढून दिला. विमानाचं मंडळाच्या अध्यक्षांनी जुळवलं. सगळं झालं, अन् मी घरी येऊन पंचांग उघडलं. उद्या अमावास्या!

मंडळाच्या सभेत मी विज्ञानावर बोलत असे, टाळ्याही पडत. घरी मात्र पंचांग पाहिल्याशिवाय मी केससुद्धा कापत नव्हतो. पोरीचा बाप तिकडं मरणाच्या दारात, अन् आपण तिले अमावास्येले घराबाहेर काढायचं? माझा जीव ऐकेना. पण आमच्याकडं यावर तोड आहे. निघणं टळत नसेल, तर आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून प्रवाशाची एखादी वस्तू जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात, अन् दुसऱ्या दिवशी वस्तू उचलून पुढं निघतात. याले प्रस्थान ठेवणं म्हणतात.

मी तडक इंदोरा गाठलं. सिंधूताई ड्यूटीवर होत्या, नाहीतर तिथंच विषय संपला असता. कस्तुरीले म्हटलं, “गिव्ह मी वन स्मॉल बॅग.”

“घ्या ना काका,” ती म्हणाली, अन् गळ्यातली चामड्याची पिशवी काढून दिली. प्रवास-प्रमुखानं मागितली म्हणजे कामाचीच असणार, असं बिचारीले वाटलं. मी आत काय आहे ते पाहिलं नाही. परक्या पोरीची पिशवी उघडू नये, एवढा मी सभ्य!

महाल भागातल्या माझ्या घराच्या पश्चिमेले गोपाळरावांचं घर. मुंबईही पश्चिमेलेच, म्हणजे सोन्याहून पिवळं. त्यांच्या देव्हाऱ्याजवळ पिशवी ठेवली, वर सुपारी ठेवली, हात जोडले अन् घरी येऊन गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी आणायले गेलो, तर दाराले हे एवढं कुलूप!

“काहून उभा राहिला गा वामन?” समोरच्या पार्वतीबाईंनी ओट्यावरून विचारलं. “ते सकाळीच गेले ना सगळे कळमेश्वरले. गोपाळची सासू पडली पायरीवरून, कंबर मोडली म्हणते.”

त्या सासूनं पडायच्या आधी पंचांग पाहिलं असतं तर! मी मनाले समजावलं, जाऊ दे, पिशवीत फणी-रुमाल असेल, मागून पोस्टानं पाठवू. तेवढ्यात सायकलरिक्षा येऊन थांबली. तिकीट माझ्यापाशी होतं, म्हणून सिंधूताई अन् कस्तुरी मले घ्यायले आल्या होत्या.

“काका, माहा पासपोर्ट घेतला ना?” कस्तुरीनं उतरता उतरता विचारलं.

मी कुलपाकडं बोट दाखवलं.

“पासपोर्ट तिथं काहून?” सिंधूताईंनी विचारलं, अन् मले सगळं सांगावं लागलं. दवाखान्यात मेलेल्या माणसाकडंही त्या एवढ्या निराश होऊन पाहत नसतील.

“अहो वामनराव, हिचा बाप तिकडं शेवटच्या घटका मोजून राहिला, अन् तुम्ही हिचा पासपोर्ट सुपारीखाली दाबून ठेवला?”

“मी कळमेश्वरहून किल्ली घेऊन येतो...”

“अन् गाडी काय तुमची वाट पाहत उभी राहते?”

“पण दुसऱ्याचं कुलूप तोडायचं, तेही अमावास्येले...” माझी जीभ काही वळवळायची थांबेना.

पार्वतीबाई आत गेल्या अन् वरवंटा घेऊन आल्या. सिंधूताईंनी पदर खोचला. मी बाजूले उभा राहून ‘हळू, हळू’ म्हणत होतो, एवढाच काय तो माझा हातभार. चौथ्या घावाले कुलूप निखळलं, अन् देव्हाऱ्याजवळची पिशवी कस्तुरीच्या गळ्यात परत गेली.

पुढं रिक्षात त्या दोघी अन् ट्रंक. मी चढावर मागून ढकलत, उतारावर मागून धावत. रस्त्यानं लोक बिल्ला वाचून हसत होते. गाडी फलाटावर लागलेलीच होती. ट्रंक आत ढकलली, पोरगी बसली, अन् मी हाश्शहुश्श करत खिडकीशी उभा राहिलो. आता ही चिडेल, चिडावंच तिनं, असं मले वाटून राहिलं होतं.

ती म्हणाली, “प्रस्थान म्हणजे काय ते काकूनं रिक्षात सांगितलं मले. काका, तुम्ही माह्या बाबासाठी केलं ते?”

मी मान डोलावली.

“मग बाबा दिसतील ना मले?”

चेष्टा नव्हती ती. दोन दिवसांत पोरीनं हा प्रश्न कोणाले विचारला नव्हता, अन् विचारला तो माझ्यासारख्या येड्याले. पंचांगात निघायची वेळ असते, पोचल्यावर काय दिसेल ते नसतं, हे मले तेव्हा पहिल्यांदा कळलं. शिट्टी झाली. गाडी हलली. सिंधूताईंनी माझ्या बरगडीत कोपर मारलं.

“सांगा ना ‘हो’ म्हणून!”

“दिसतील!” मी गाडीबरोबर धावत ओरडलो. “दिसतील, बेटा, नक्की दिसतील!” अन् ती दिसेनाशी होईपर्यंत तेच ओरडत राहिलो.

आठवड्यानं तिची तार आली. बाप जिवंत होता, पोरीले पाहून त्यानं हात धरला होता. सिंधूताई ड्यूटीवरून थेट माझ्या दारात आल्या. तार माझ्या हातात दिली अन् म्हणाल्या, “आता मुहूर्ताचा मोठेपणा सांगू नका, पाया पडते.”

मी सांगणार नव्हतो. मले रडू आवरत नव्हतं, अन् त्याही ओट्यावर बसून डोळे पुसून राहिल्या होत्या.