खुणेच्या वरचं तेल

ठोक्याचं खरं नाव त्याची आई सोडली तर आता कुणाला आठवत नाही. डेंटिंगच्या कामात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. चेपलेला दरवाजा आणा, चुरगळलेलं मडगार्ड आणा. हा आतून लोखंडी ठोकळा लावणार, बाहेरून हातोडीनं टकटक करत बसणार, आणि संध्याकाळी पत्रा असा सरळ, की मालकालाच आपली गाडी ओळखू येऊ नये. हात एवढा सरावलेला, की माणसांवरही तसाच चालायचा. गिऱ्हाइकानं उलट उत्तर दिलं, दिली ठेवून. टेम्पोवाल्यानं दारात गाडी आडवी लावली, बखोटीला धरून खाली ओढला. राग कायम नाकावर. मग ठोक्या म्हणणार नाहीत तर काय म्हणणार?

वर्कशॉप दोघा भावांचं. पत्रा आणि रंग ठोक्याचा, इंजिन बारक्याचं. बारक्या म्हणजे धाकटा. चणीनं एवढासा आणि तोंडानं गावभर. वडील जाताना सांगून गेले होते, एकमेकांच्या कामात नाक खुपसू नका, म्हणजे भांडणार नाही. दोघांनी ते इतकं मनावर घेतलं, की ठोक्याला अर्धं आयुष्य गॅरेजमध्ये घालवूनही इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि ते बारक्याला विचारायचं म्हणजे कमीपणा. वडिलांचं नाव पुढे करायचं आणि स्वतःची खोड झाकायची, दुसरं काय!

तर अशा ठोक्यानं गाडी घेतली. साधीसुधी नाही. दोन दारांची, बसकी, टर्बोवाली, गडद लाल. पहिल्या मालकानं थोडेच महिने वापरली आणि तो परदेशी निघून गेला. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. "जन्मभर दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्या सरळ केल्या," ठोक्या सगळ्यांना सांगत सुटला, "आता आपली एक न ठोकलेली."

ट्रकवर चढवून आणली आणि वर्कशॉपच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. एक चावी त्यानं गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली, दुसरी आईच्या कपाटात. शेडचं कुलूपही तसंच, एक किल्ली इथं, एक तिथं. आणि गाडी? गाडी तिथंच. वर्कशॉपपासून मोठ्या रस्त्यापर्यंत सगळी खडी पसरलेली, काम कधीचं अर्धवट पडलेलं. उडालेला एकेक खडा बॉनेटचा रंग कसा टिपतो, हे ठोक्यानं हजारदा पाहिलं होतं. तेव्हा हा बहाद्दर गाडी बाहेरच काढेना! रोज सकाळी थंडीत शेड उघडायची, इंजिन चालू करायचं, दोनचारदा रेस द्यायची, तो घोगरा आवाज डोळे मिटून ऐकायचा आणि बंद करायचं. मग मऊ फडक्यानं सगळं अंग पुसायचं. घोडा घ्यायचा आणि दावणीला बांधून नुसता खरारा करायचा, त्यातलाच हा प्रकार.

तेल बघायला मात्र तो शिकला होता. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालायची, काढायची. दोन खुणांच्या मध्ये तेल असलं की झालं. एका सकाळी तेल वरच्या खुणेला टेकलेलं दिसलं. पुढच्या आठवड्यात खुणेच्या वर. रंग काळपट, बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोलचा.

ठोक्याच्या पायाखालची जमीन सरकली. तेल कमी झालेलं त्यानं ऐकलं होतं. इंजिनात तेल वाढतं कसं? आपोआप वाढायला ते काय विहिरीचं पाणी आहे? याचा अर्थ एकच, कुणीतरी आत काहीतरी ओततंय.

त्याच दिवशी दुपारी बारक्या एका ट्रकच्या इंजिनात कोपरापर्यंत बुडाला होता. ठोक्या मागे येऊन उभा राहिला. "माझ्या गाडीत पेट्रोल कोण ओततंय?"

बारक्या हसला. हसायला नको होतं. "ओततोय कोण? तूच. रोज पूजा करतोस ना तिची? दादा, इंजिन थंड असलं की पेट्रोल जास्त घेतं. ते सगळं जळत नाही, गळून खाली तेलात उतरतं. गाडी तापली, लांबवर पळाली, की उडून जातं. तू तिला तापूच देत नाहीस. अरे रस्त्यावर काढ तिला. नाहीतर मला दे, मी आणतो फिरवून."

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित आधीचं ठोक्याच्या कानात शिरलं असतं. पण ठोक्यानं ऐकलं एवढंच, मला दे. अच्छा, म्हणजे पोटात हे आहे तर! त्यानं बारक्याच्या कानाखाली अशी लगावली, की तो ट्रकच्या बंपरवर आदळला आणि ओठ फाटला.

"गाडीला हात लावलास," ठोक्या म्हणाला, "तर तो हात राहणार नाही."

बारक्यानं ओठाचं रक्त फडक्याला पुसलं. "खरंच आहे," तो म्हणाला, "शहाण्याला शब्दाचा मार आणि तुला इंजिनाचा. त्या पातळ तेलानं गाडी बेअरिंग खाऊन बसली ना, मग ये रडत."

त्या दिवसापासून ठोक्याच्या डोक्यात एकच किडा. शेडच्या कडीला तो दोरा बांधून बघायचा, दारात रंगाची पूड टाकून पावलं उमटतात का बघायचा. दोरा तसाच, पूड तशीच, आणि तेल आणखी वर. "पोचलेला चोर आहे," तो दात खात आईला म्हणाला, "माग ठेवत नाही." आई म्हणाली, "अरे, चोर नाही म्हणून माग नाही." तिचं कोण ऐकतंय.

आता आई. गुडघ्यांनी वर्कशॉपलगतच्या घरात बसवलेली, पण कान शाबूत. दोघा पोरांचं तिनं ऐकलं होतं, आणि कुणाचं खरं हे तिला कळलं होतं. एक दिवस ठोक्या भंगारात दरवाजे शोधायला गेला, तेव्हा बारक्या घरी आला. "आई, ते तेल असंच राहिलं ना, तर त्याचं इंजिन जाईल," तो म्हणाला. "झुरून मरायचा तो नुसता. मला नाही बघवणार. चावी दे. जुनं काढतो, नवं भरतो, त्याला कळणारही नाही." आईनं कपाट उघडलं आणि चावी दिली.

ठोक्या ठरल्यापेक्षा लवकर परतला. शेड उघडी. गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, आणि खालून दोन पाय बाहेर. बाजूच्या घमेल्यात काळं तेल धार धरून पडत होतं.

सापडला! ठोक्याच्या अंगात जे उठलं त्यात रागाइतकाच आनंद होता, हे खोटं कशाला सांगायचं. इतक्या दिवसांचा संशय खरा ठरला होता. त्यानं ते दोन पाय धरले आणि फरफटत बाहेर ओढले. बारक्याचं डोकं गाडीच्या खालच्या पत्र्यावर आपटलं. घमेलं उलटलं. "दादा, ऐक," बारक्या म्हणाला, तेवढ्यात बरगडीत लाथ बसली. तो उठायला गेला, तेलात घसरला. ठोक्यानं केस धरून तोंड त्या काळ्या थारोळ्यात दाबलं. "ओत! अजून ओत! पी आता!" बारक्या गुदमरून हातपाय झाडत होता, एक लाथ ठोक्याच्या नडगीवर लागली आणि ठोक्या आणखी पेटला. भिंतीला त्याची हातोडी टांगलेली होती. ती हातात कधी आली, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

बारक्यानं उठण्यासाठी उजवा पंजा जमिनीवर टेकवला होता. ठोक्यानं हातोडी घातली. मग पुन्हा घातली. पत्र्यावर घाव किती बसला हे डेंटरच्या मनगटाला कळतं, बघावं लागत नाही. इथंही कळलं. आत काहीतरी चुरा झालं होतं.

महिनोन्महिने अंगणातही न उतरलेली आई बारक्याची किंकाळी ऐकून भिंतीला धरत धरत शेडपर्यंत आली. "चावी मी दिली रे मेल्या!" ती ओरडली. "मी दिली! मला मार!" हातोडी ठोक्याच्या हातातून पडली ती तिचा आवाज ऐकून. पण तिचं म्हणणं काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

दवाखान्यात बारक्यानं सांगितलं, जॅक सटकला, हात खाली आला. आईनं त्याच्या पाया पडून एवढं मागितलं होतं. डॉक्टरनं बोटांत लोखंडी सळ्या घातल्या, वर प्लास्टर केलं. बारक्याच्या बायकोनं सासरघराचं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं आणि नवऱ्याला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला माहेरच्या खोलीत राहायला गेली.

आणि ठोक्या? ठोक्यानं आईकडून चावी काढून घेतली, तीही गळ्यात. आता दोन्ही त्याच्याचकडे. शेडला नवीन कुलूप. मग त्यानं खाली तेल सोडायच्या भोकाला ड्रेनचा नट बसवला आणि कोपऱ्यात एक नवाकोरा कॅन दिसला, त्यातलं तेल भरलं. इंजिनावर लिहिलेलं, त्याच नंबरचं तेल. हा कॅन आला कुठून, असा प्रश्न त्या शहाण्याला पडला नाही. चोर येताना नवं तेल घेऊन येतो का हो? पण एकदा डोक्यात राख घातली, की माणसाला समोरचा डोंगर दिसत नाही, तिथं कॅन काय दिसणार.

डिपस्टिकवर तेल बरोबर मध्ये, मधासारखं स्वच्छ. "सुटली एकदाची," तो गाडीला म्हणाला.

थंडी वाढली. वर्कशॉपमध्ये इंजिनाचं काम बंद पडलं. गिऱ्हाइकं येत, बारक्या कुठंय विचारत आणि ठोक्याचं तोंड बघून निघून जात. आई ताट वाढायची, बोलायची नाही. त्यानं फिकीर केली नाही. रोज सकाळी शेड, इंजिन, रेस, फडकं.

आणि मग एका सकाळी त्यानं डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेच्या वर होतं. काळपट. त्यानं बोट नाकाशी नेलं. पेट्रोल.

कुलूप? त्यानंच उघडलं होतं. चाव्या? त्यानं गळा चाचपला, दोन्ही तिथंच. आई? तिच्याकडे काही उरलं नव्हतं. बारक्या? बारक्याच्या बोटांत सळ्या होत्या, त्याला सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. मग शेडमध्ये रोज येणारा उरला कोण?

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण हा वळसा घालताना भावाचा हात तुडवला गेला होता. ठोक्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. त्यानं बॉनेटवर मूठ मारली, मग दुसरी, मग मारतच राहिला, पत्रा खोल चेपला, बोटांची सालटं निघाली, लाल रंगावर लाल काही दिसेना. दमला तेव्हा तो चाकाला टेकून बसला आणि हमसून हमसून रडला. आई दारात उभी होती. "माझ्यापुढे काय रडतोस?" ती म्हणाली. "तिकडे जा."

त्यानं गाडी खडीवर काढली. पहिल्यांदाच. खडे ताडताड उडाले, दारांवर, चाकांच्या कमानींवर, काचेवर. प्रत्येक खड्यानं कुठं किती रंग गेला, हे त्याला आवाजावरून कळत होतं. त्यानं वेग कमी केला नाही.

दार बारक्याच्या बायकोनं उघडलं. ठोक्याला बघितलं, आत वळली, आणि दारामागच्या पिशवीतून नवऱ्याचा सगळ्यात मोठा पाना काढून आली. "हा कोण धरणार आता, भावोजी? तुम्ही?" आणि तिनं तो फिरवला. पहिला खांद्यावर बसला. दुसरा कपाळावर, भुवई फाटली. ठोक्याचा हात वर गेला नाही. त्यानं तोंडही चुकवलं नाही. तिसऱ्यांदा पाना उचलला तेव्हा आतून बारक्या म्हणाला, "पुरे गं. दार बंद कर, थंडी येतेय." पण तोच उठून बाहेर आला. उजवा हात गळ्यातल्या झोळीत.

तो गाडीकडे बघत राहिला. चेपलेलं बॉनेट, टिपलेला रंग. "वाढलं ना परत?"

"वाढलं," ठोक्या म्हणाला. रक्त डोळ्यात उतरत होतं.

"मग आता कुणाचा हात मोडणार आहेस?"

ठोक्यानं गाडीत वाकून इंजिन बंद केलं. त्यानं बॉनेट उघडलं. चेपल्यामुळे ते अडकलं, जोर लावावा लागला. बारक्यानं डाव्या हातानं चाचपडत डिपस्टिक ओढली. पुसायला फडकं नव्हतं. त्यानं ती उजव्या हाताच्या प्लास्टरवर पुसली, परत घातली, परत काढली. वास घेतला. बोटावर थेंब घेऊन उजेडात धरला, वर्कशॉपमध्ये धरायचा तसाच. पांढऱ्या प्लास्टरवर काळा पट्टा राहिला.

"इंजिन वाचेल," तो म्हणाला. "आजच तेल बदलून घे कुठूनतरी. मग रोज चालव, लांबवर चालव, चांगली तापू दे."

"बारक्या, हाताचं डॉक्टर काय..."

"पाना धरता येणार नाही म्हणाले. कधीच." त्यानं डिपस्टिक जागेवर नीट बसवली आणि बॉनेट खाली टेकवलं. "रोज चालव, दादा. फक्त या रस्त्यानं आणू नकोस."

आणि तो आत गेला. बायकोनं दार लावून घेतलं. ठोक्यानं चेपलेल्या बॉनेटवर हात टेकवला. इंजिन आता चांगलं तापलं होतं.